तीनशे मीटरवरच्या वत्सलाताई

आमच्या एव्हरशाईन सिटीतल्या इमारतीत राहणाऱ्या एका बाईंनी परवा मला लिफ्टमध्ये गाठलं. "अहो, तुम्ही ते रायफल शूटिंग करता ना? आमच्या मुलीच्या डोक्यात बसलंय. सुरुवातीला किती खर्च येतो हो?" लिफ्ट खाली पोचेपर्यंत जेवढा वेळ मिळतो, तेवढ्यात या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही. "येतो बाई थोडाफार," म्हणून मी सुटका करून घेतली. इंटरनेटवर बघायला गेलं तर परदेशी रायफल, परदेशी कोट, परदेशी बूट अशी यादी निघते आणि मध्यमवर्गीय माणूस मुकाट्याने मुलीला कथ्थकला घालतो. खरं उत्तर मला माहीत होतं. गासला वत्सलाताई भोईरांकडे जा, हे ते उत्तर. पण गेल्या वर्षी वत्सलाताई गेल्या, आणि तेव्हापासून हा प्रश्न कुणी विचारला की मला उगाचच राग येतो. त्या बिचाऱ्या बाईंवर नाही येत, पण येतो.

वत्सलाताई शिवणकाम करायच्या. नालासोपारा पश्चिमेला, गासकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं दुकान होतं. माझ्या ऑफिसातल्या एका मैत्रिणीने त्यांच्या ब्लाउजच्या फिटिंगची इतकी तारीफ केली, की मी वसईहून वाकडी वाट करून तिथे गेले. दुकानात मशीनच्या मागे, हँगरवर न टांगता, जमिनीवर एक जाडजूड कोट उभा होता. उभा म्हणजे खरोखरच उभा, आत माणूस नसताना.

"हा काय, रेनकोट आहे का?" मी विचारलं.

"रेनकोट नाय. मानूस हलू नये म्हनून त्याला भरून ठेवायचा डबा हाय," त्या म्हणाल्या आणि टेप घेऊन माझ्या पाठीमागे गेल्या. माप घेताघेता मध्येच थांबल्या. "खांदे सारखे हायेत गो तुझे. एक वर, एक खाली नाय. बंदूक धरशील?"

मी तेव्हा चाळिशी ओलांडलेली. विमा कंपनीत नोकरी, चिपळूणचं माहेर, आणि आयुष्यात हातात धरलेली सर्वांत धोकादायक वस्तू म्हणजे विळी. मी हसले. त्या हसल्या नाहीत. "शनिवारी ये. ब्लाउज पन शनिवारीच मिळंल," म्हणाल्या. ब्लाउज हवा होता, म्हणून गेले. ब्लाउज त्यांनी पुढच्या महिन्यात दिला.

बाईंचं माहेर नायगावचं, खाडीकाठच्या शेतकऱ्यांच्या घरातलं. भातशेती, बांध, खारं पाणी यांत वाढलेल्या. कॉलेज वसईत झालेलं, त्यामुळे पुस्तकी मराठी त्यांना उत्तम यायची. पण ती त्या डॉक्टरकडे आणि बँकेत वापरायच्या. आमच्याशी घरचीच बोली. बोलताबोलता 'ड'चा 'र' व्हायचा, चिडल्या की तर सर्रास, आणि मग पळ काढलेला बरा. माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, किंवा ठेवायची नसत. जो जिथून येई तेच त्याचं नाव. मी 'एव्हरशाईन' झाले ती शेवटपर्यंत. विरारहून येणाऱ्या एका रिटायर्ड इन्स्पेक्टरांना त्या भर लोकांत "ए विरार, पाय जवल घे" असं म्हणायच्या आणि इन्स्पेक्टर पाय जवळ घ्यायचे.

आमची रेंज म्हणजे गासमधली एक बंद पडलेली पोल्ट्री. लांबट, अरुंद, वर पत्रे. कोंबड्या जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण पावसाळ्यात त्यांचा वास परत यायचा. मालक शेजारचे ख्रिस्ती शेतकरी. त्यांची अट एकच: रविवारी चर्चमधली मिस्सा सुटेपर्यंत आवाज नको. दहा मीटरवर प्लायवूडच्या पेट्यांवर कागद लावायचे आणि एअर रायफलने छर्रे मारायचे. पहिली रायफल गावातल्या बायकांच्या भिशीतून आलेली. वत्सलाताईंचा नंबर लागला तेव्हा बायकांना वाटलं बाई बांगड्या करणार. बाईने रायफल आणली. "बांगरी घालून नेम बसत नाय," हे त्यांचं त्यावरचं स्पष्टीकरण.

दहा मीटर ही झाली बालवाडी. महिन्यातून दोनदा त्या आम्हाला मुंबईतल्या एका क्लबच्या रेंजवर न्यायच्या. तिथे क्लबच्याच रायफली, क्लबच्याच गोळ्या, सगळं सही करून घ्यायचं आणि सही करून परत द्यायचं. पालथं पडून पन्नास मीटरवर मारायचं. पन्नास मीटर म्हणजे फार लांब नाही, असं म्हणणाऱ्याला त्या आपल्या शर्टाचं बटण तोडून द्यायला सांगत. "ते तिथं लाव आनि इथून बघ. मधलं दहा गुनांचं वर्तुल तेवरं असतं." आमच्यातल्या एका इंजिनियरने खरंच बटण तोडून लावलं आणि दिवसभर उघड्या शर्टाने हिंडला.

पण वत्सलाताईंचा जीव अडकला होता तीनशे मीटरवर. ही गोष्ट त्यांच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या महिन्यात कळायची, कारण त्या लपवत नसत. कॉलेजात असताना त्या एनसीसीत होत्या. एका कॅम्पला लष्कराच्या तीनशे मीटरच्या रेंजवर नेलं. मुलांना लांब पल्ल्याच्या रायफली दिल्या. मुलींना मागे बसवून पाणी द्यायचं काम दिलं. दूर मातीच्या बांधाखालून जवान काठीला लावलेली चकती वर करून गोळी कुठे लागली ते दाखवायचे. "मी कलशी घेऊन उभी. ती चकती वर आली की पानी द्यायचं राहून जायचं," त्या सांगायच्या. "यांच्यातल्या निम्म्यांपेक्षा मी बरी मारली असती. निम्म्या नाय, सगल्यांपेक्षा." नम्रपणा हा गुण त्यांच्यात नव्हता, आणि तो नसल्याचं दुःखही नव्हतं. मग लग्न, शेती, मशीन, सासूचं आजारपण, दोन मुलींची लग्नं. पंचेचाळिशीला रायफल धरली. एकदा तीनशेवर पडायचं, एवढंच त्यांचं मागणं होतं. तिथवर पोचायचा रस्ता पन्नास मीटरच्या स्पर्धांतून जातो, म्हणून त्या त्या स्पर्धांमागे लागल्या होत्या.

पहिले काही आठवडे त्या कुणालाही छर्रा देत नसत. रिकामी रायफल धरायची, नळीच्या टोकाला एक रुपयाचं नाणं ठेवायचं, घोडा दाबायचा, नाणं पडता कामा नये. पडलं की उचलून परत. ऑफिसात माझ्या कमरेचं दुखणं ऐकून लोक विचारायचे, की बाई, करता काय? रुपया उचलते, हे कसं सांगायचं! छर्रा मिळाल्यावर दुसरा जाच. बार झाला की कागदाकडे बघायचं नाही. आधी डोळे मिटून सांगायचं की गोळी कुठे लागली असेल, वर की खाली, डावीकडे की उजवीकडे, आणि मगच दुर्बिणीतून बघायचं. "आधी सांग, मंग बघ," हे त्यांचं वाक्य. "बघून तर कोन पन सांगंल. घोरा दाबला तवा तुझा हात हललेला तुला म्हाईत असतो. मंग तोंडाने बोल." हे फार जड जायचं. मी "मधोमध" म्हणायचे आणि छर्रा कागदाच्या काठावर असायचा. तेव्हा त्या रागवत नसत. नुसत्या माझ्याकडे बघत, आणि ते जास्त वाईट होतं.

सामान त्या स्वतः बनवायच्या. पिशव्यांच्या जाड कॅनव्हासचे कोट, आतून रेक्झिन, कोपरांना जुन्या ट्यूबचं रबर. न वापरायच्या डोळ्यासमोर लावायची पट्टी आइस्क्रीमच्या डब्याच्या झाकणाची. गुडघ्यावर बसून मारताना घोट्याखाली घ्यायची गोल उशी भाताच्या तुसाने भरलेली. बाजारातल्या उशीपेक्षा ती पायाला चांगली बसते, हे मी आजही पैजेवर सांगेन. पण सगळंच काही जमून आलं नव्हतं. त्यांच्या पहिल्या कोटाची कथा त्या स्वतःच रंगवून सांगायच्या.

कोट ताठ हवा, हे त्यांना माहीत होतं. ताठ कसा करायचा? भातशेतीवाल्यांच्या घरातली लेक; पातळाला खळ घालतात तशी तांदळाच्या पेजेची घट्ट खळ त्यांनी कोटाला घातली. थर वाळला की दुसरा थर. कोट दारासारखा झाला. तो घालून त्या जिल्ह्याच्या स्पर्धेला गेल्या आणि पन्नास मीटरच्या चटईवर पालथ्या पडल्या. ऑक्टोबरचं ऊन. घामाने खळ सुटायला लागली, गोडूस वास पसरला आणि गवतातल्या तांबड्या मुंग्यांना जेवणाचं आमंत्रण गेलं. आधी बाहीवर, मग मानेवर, मग आत. बाकीचे नेमबाज माना वळवून बघायला लागले. रेंज ऑफिसर धावत आले, "बाई, उठा, उठा!" बाई उठल्या नाहीत. सगळ्या गोळ्या संपवल्या, रिकामी दिसावी म्हणून रायफल उघडून ठेवली, आणि मग जी उडी मारली ती थेट नळाखाली. "नंबर तिसरा आला," त्या सांगायच्या, "मुंग्या नसत्या तर दुसरा. पहिला नाय, पहिलीवाली खरंच चांगली होती." पुढचे सगळे कोट बिनखळीचे झाले.

वाऱ्याचा धडा त्यांनी आम्हाला रायफलीशिवाय दिला. पन्नास मीटरवर वारा गोळीला ढकलतो, हे पुस्तकात असतं. पण तो ओळखायचा कसा? भात झोडपून झालं की त्या आम्हाला खळ्यावर बोलवायच्या आणि प्रत्येकाच्या हातात भाताचं सूप द्यायच्या. उपणायचं. वाऱ्यावर भात सोडायचं, दाणे खाली पडतात, फोल उडून जातं. आम्ही फ्लॅटमधली माणसं. इन्स्पेक्टरसाहेबांनी सगळं तूस स्वतःच्याच डोक्यावर घेतलं. माझं निम्मं भात फोलाबरोबर उडालं.

"घाई करतंस तू," त्या मला म्हणाल्या. "वारा आला की सोरतंस. कुठला पन वारा आला की सोरतंस. असं नाय करायचं. पहिलं सूप ज्या वाऱ्यात रिकामं केलंस ना, तोच वारा परत येईपर्यंत थांबायचं. तो येतोच. जोराचा आला, जाऊ दे. उलटा आला, जाऊ दे. तुझा आला की सोर."

मग त्यांनी सूप घेतलं. डोक्यावर धरून त्या उभ्या राहिल्या, आणि बराच वेळ काहीच झालं नाही. आम्ही चुळबुळ करायला लागलो. त्या मात्र तशाच उभ्या. मग हात जरासे कलले आणि भात पडायला लागलं, एका जागी, सारखं, ढीग सुबक होत गेला. तो ढीग बघून मला पन्नास मीटरचं जेवढं कळलं तेवढं नंतर कधी कळलं नाही.

पुढच्या वर्षी अशी बातमी आली, की राज्याच्या स्पर्धेत पन्नास मीटरच्या ज्येष्ठ गटात जे वरच्या क्रमांकात येतील, त्यांतल्या काही जणांना लष्कराच्या रेंजवर नेऊन तीनशे मीटरवर संधी देणार. वत्सलाताईंनी दुकानाची पाटी उलटी केली आणि सरावाला लागल्या. लग्नसराईत! नवऱ्यामुलींच्या आया दुकानासमोर येऊन शिव्या घालून जायच्या. मधूनमधून त्यांचा नेम बिघडायचा. तेव्हा त्या छर्ऱ्यांना दोष द्यायच्या, चष्म्याला द्यायच्या, एकदा तर पोल्ट्रीतल्या ट्यूबलाइटला दिला. "जल्ला हा उजेर!" आम्हाला ते खरं वाटलं. ताईंचं चुकतं, असं मनात यायची आमची पद्धतच नव्हती.

स्पर्धेला मी त्यांच्या मागे बसले होते. बाई जोरात होत्या. प्रत्येक बारानंतर ओठ हलायचे, आधी सांगायच्या आणि मग दुर्बिणीला डोळा लावायच्या. शेवटचे कागद बदलून झाले. त्यांनी बार काढला, ओठ हलले, दुर्बिणीतून बघितलं, आणि त्या थांबल्या. परत बघितलं. मग हात वर केला.

रेंज ऑफिसर आले. कागदावर भोक नव्हतं. ते सज्जन गृहस्थ होते. म्हणाले, "ताई, आत्ताच कागद बदलले, काहीतरी गडबड झाली असेल. ती गोळी धरू नका. परत मारा."

"परत कशाला?" वत्सलाताई म्हणाल्या. "मारलेली हाय. दहा मारलीय. माझ्या कागदावर नाय म्हंजे दुसऱ्याच्या हाय. शोधा."

शेजारच्या जागेवर तरुण गटातली कोल्हापूरची एक मुलगी होती. तिने नव्या कागदावर अजून एकही बार काढला नव्हता, आणि तिच्या कागदावर भोक होतं. बरोबर मधोमध. ऑफिसरनी विचारलं, "नक्की तुमची?" तेव्हा बाई काय म्हणाल्या असतील? "माझीच. दहा हाय ना? मंग माझीच." दुसऱ्याच्या कागदावरची दहा म्हणजे आपल्या खात्यात शून्य. त्या एका शून्याने त्या यादीतून खाली गेल्या आणि तीनशे मीटर गेलं.

मी भडकले. माझा स्वभाव तसाच आहे. बाहेर झाडाखाली त्या डबा उघडून भाकरी आणि सुकटीची चटणी खात बसल्या होत्या. मी म्हटलं, "तो माणूस स्वतःहून देत होता! कोण विचारायला येणार होतं?"

"मारलेली गोली मी परत कशी मारू गो?" त्या म्हणाल्या. "एक बार दोनदा कसा मारायचा ते तू सांग मला." आणि वर हसून, "पन दहा होती. बघितलंस ना तू? तुझ्यादेखत." रागावूनही काही उपयोग नव्हता. मग मी तो प्रश्न विचारला, जो आधीच विचारायला हवा होता. इतकी वर्षं मारणारी बाई दुसऱ्याच्या कागदावर मारते कशी?

त्यांनी भाकरीचा तुकडा डब्यात परत ठेवला. "कागदावरचा नंबर दिसला नाय," त्या म्हणाल्या. "काला गोल कसाबसा सापडतो, मधला आकडा पुसल्यासारखा. बाजूचं दिसतं, मधलं दिसत नाय."

"कधीपासून?"

"भातकापनीपासून."

सगळ्यांना 'आधी सांग' म्हणणारी ही बाई स्वतःचं मात्र इतके महिने पोटात घेऊन बसली होती. घोडा दाबताना हात हललेला आपल्याला माहीत असतो, हे शिकवणाऱ्या बाईला डोळ्याचंही माहीत होतंच. पण ते तोंडाने बोलायचं म्हणजे तीनशे मीटर सोडायचं. मला त्यांचा राग आला नाही, कीव तर मुळीच आली नाही. फक्त फार वाईट वाटलं.

डॉक्टरांनी सांगितलं, उजव्या डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग गेला, तो परत यायचा नाही. डावा चांगला आहे. वत्सलाताई बाहेर येऊन म्हणाल्या, "कडेकडेचं सगलं दिसतं. कोन चोरून बघतंय, कोन तोंड वेंगाडतंय, सगलं दिसतं. जे बघायचं तेवढंच गेलं." एवढा एक विनोद केला आणि त्या घरी गेल्या. पोल्ट्रीला कुलूप लागलं. एकदा मी दुकानावरून गेले तर त्यांचे यजमान बाहेर बसले होते. हे गृहस्थ वाडीत भाजी पिकवायचे आणि वर्षाला दहा वाक्यं बोलायचे. त्यांतलं एक त्या दिवशी माझ्या वाट्याला आलं. "मशीन चालू हाय," ते म्हणाले, "बाय बंद हाय."

पावसाळा संपता संपता मी पुन्हा गेले. मनात ठरवून गेले होते, की काही समजुतीच्या गोष्टी सांगायच्या. छंद बदलता येतो वगैरे. वत्सलाताई जमिनीवर बसून ब्लेडने एका कोटाची शिवण उसवत होत्या. त्यांचाच कोट. बाह्या सुट्ट्या झालेल्या, कॅनव्हासचे तुकडे चारी बाजूंना.

"ताई, मोडताय?"

"उलटा करतंय," त्या वर न बघता म्हणाल्या. "रायफलीचा पट्टा डाव्या दंडाला होता, तो उजव्याला घ्यायचा. खांद्याची गादी उजवीकडची डावीकडं. डावा डोला चांगला हाय ना? मंग डावा खांदा लावायचा. बस तिथं, दोरा ओव. दिसत नाय मला."

मी बसले आणि दोरा ओवला. समजुतीच्या गोष्टी घरी घेऊन आले.

ज्याने उजव्या हाताने उभा जन्म काढला, त्याने डावीकडून रायफल धरायची म्हणजे डाव्या हाताने जेवायला शिकण्यासारखं आहे. घास कानात जातो. वत्सलाताई पहिल्यापासून सुरू झाल्या. छर्रा नाही, नळीवर रुपया. नाणं पडायचं आणि आम्ही उचलून द्यायचो. त्यांच्याइतकी वाईट विद्यार्थिनी मी पाहिली नाही. स्वतःलाच शिव्या द्यायच्या, "वत्सले, मेलीस का? दम सोर!" आम्ही सुचवलेलं ऐकायच्या नाहीत, आणि दोन दिवसांनी तेच स्वतःला सुचल्यासारखं करायच्या. इन्स्पेक्टरांनी एकदा धीर करून "ताई, पाय जवळ घ्या" म्हटलं. ताईंनी पाय जवळ घेतले. इन्स्पेक्टर त्या दिवशी सगळ्यांना वडापाव खिलवून घरी गेले.

पहिल्या वर्षी त्या जिल्ह्याच्या स्पर्धेत शेवटून पहिल्या आल्या. निकाल वाचला आणि म्हणाल्या, "बरोबर हाय." दुसऱ्या वर्षी मधोमध. त्यानंतरच्या हिवाळ्यात राज्याच्या स्पर्धेत ज्येष्ठ गटातून तीनशे मीटरला न्यायच्या माणसांत सगळ्यात शेवटचं नाव वत्सला भोईर होतं. इतकं शेवटचं, की आम्ही दोनदा बघून आलो. त्या मात्र एकदाच बघून आल्या. "माझ्या वरचे सगले उजवे हायेत," म्हणाल्या. "डाव्यांत मीच पहिली."

लष्कराची ती रेंज घाटावर होती. मी गेले ती डबा आणि चटई सांभाळायला. सकाळची वेळ, कोरडी थंडी, आणि समोर नुसता माळ. पन्नास मीटरवर सवय झालेल्या डोळ्यांना ते अंतर अंतर वाटेचना. टार्गेटं कुठे आहेत हे मला बोट दाखवून सांगावं लागलं. वत्सलाताई मात्र गाडीतून उतरल्या आणि सरळ त्या दिशेला तोंड करून उभ्या राहिल्या. तिथले सुभेदार भले गृहस्थ होते. रायफल देताना म्हणाले, "माताजी, धक्का जोराचा बसेल." माताजींनी डावा खांदा पुढे केला.

पहिल्या बाराला आवाजाने मीच दचकले. दूरच्या बांधाखालून चकती वर आली नाही. गोळी मातीत गेली होती. दुसरीही. मग बाई थांबल्या. बाकीच्यांचे बार चालू होते आणि ह्या नुसत्या पडून होत्या. सुभेदार माझ्याकडे बघायला लागले. मी त्यांना हाताने थांबायची खूण केली. मला दिसत होतं की गवत एका बाजूला लवलंय आणि सरळ व्हायचं आहे. मग बार झाला. दूर, मातीच्या कडेवर, काठीला लावलेली चकती वर आली. मधोमध नव्हती, चांगली डावीकडे होती, पण होती. त्यानंतर बहुतेक वेळा ती वर आली. एकदा तर अगदी मधल्या काळ्यात. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते मी पुसलंही नाही.

गोळ्या संपल्या. शिटी झाली. सगळ्यांनी रायफली उघडून ठेवल्या, उठून अंग झटकलं आणि सगळे एकमेकांना निकाल विचारत मागे आले. वत्सलाताई उठल्या नाहीत. रायफल उघडून बाजूला ठेवलेली, आणि त्या पालथ्या, हनुवटी चटईवर टेकून, समोर बघत. वय, तो धक्का, काय काय मनात आलं. मी धावत जाऊन शेजारी बसले.

"ताई, बरं वाटत नाही का?"

"बरं वाटतंय गो. म्हनून तर परलंय."

"अहो, शिटी झाली. उठायचं आहे."

"चालीस वर्षं लागली मला इथं यायला," त्या म्हणाल्या. "लगेच कशाला उठू?"

सुभेदार जवळ आले होते. त्यांनी ते ऐकलं. मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं, मग पालथ्या पडलेल्या बाईंकडे. पुढच्या तुकडीची माणसं रायफली घेऊन मागे उभी होती. सुभेदार वळले आणि मोठ्याने ओरडले, "सब पीछे बैठो! लाइन अभी खाली नहीं है." मग आमच्याकडे पाठ करून, हात मागे बांधून ते उभे राहिले, आणि वत्सलाताई तीनशे मीटरवर पडून राहिल्या.